मासा फिरवणारा हात

टाकण्याआधी त्या माणसानं मासा फिरवला. एवढंच झालं. शेपटीकडून धरलेला मासा त्याच्या पंजात अर्धा वळला, डोकं पाण्याकडे आलं आणि मग त्यानं तो सोडला. मी आठपट वेगानं बघत होते, त्यामुळे पडद्यावर हे सगळं पापणी लवायच्या आत होऊन गेलं, पुढचे चार मासे टाकूनही झाले, आणि तरी माझं बोट बटणावर जाऊन बसलं. चित्र थांबलं. नारिंगी रबरी कोट, टोपीनं झाकलेलं डोकं, कोपरापर्यंत निळे हातमोजे. चेहरा नाही. आमच्या पडद्यावर चेहरे दिसतच नाहीत. कॅमेरा असतो उंच खांबावर, आणि बोटीवरची माणसं नेहमी खाली बघत असतात. शेजारच्या टेबलावरचा चष्मा म्हणाला, "काय झालं? मोठा मासा?" त्याला सगळे चष्माच म्हणतात, कारण त्याच्याकडे दोन चष्मे आहेत, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि तो नेहमी तिसराच शोधत असल्यासारखा दिसतो. "डोळ्यात काहीतरी गेलं," मी म्हटलं आणि डोळा चोळलासुद्धा. खोटं बोलले की ते पुरतं करायची मला सवय आहे.

माझं काम सांगितलं तर लोक हसतात, म्हणून मी ते अर्धंच सांगते. चौथ्या मजल्यावर, खिडक्यांना जाड पडदे लावलेल्या खोलीत आम्ही सहाजण बसतो आणि समुद्रात टाकलेले मासे मोजतो. कुठल्या बोटीनं कुठला मासा वर्षाला किती आणायचा ते ठरवून दिलेलं आहे, म्हणजे समुद्रात मासा उरावा. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जाळ्याला वाचता येत नाही. काळ्या पाठीच्या माशाचा वाटा बोटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच संपवतात, आणि मग उरलेलं वर्षभर तो दुसऱ्या माशांबरोबर आपला येतच राहतो. तो खोल पाण्यातला मासा. वर ओढून आणेपर्यंत त्याचे डोळे बाहेर आलेले असतात, पोट तोंडातून बाहेर लोंबत असतं. चांगला हातभर लांब, ताजा, खाण्याजोगा आणि मेलेला. तो बंदरावर उतरवला तर गुन्हा. म्हणून परत टाकायचा, आणि तोही कॅमेऱ्यासमोरून, मोजता येईल असा. मी वेळ लिहिते, जात लिहिते, संख्या लिहिते. अकरा वर्षं लिहिते आहे. सुरुवातीला दुपारचं जेवण जात नसे. डबा उघडायचा, बघायचा आणि पुन्हा बंद करायचा. मग जायला लागलं. ज्या दिवशी डबा पूर्ण संपला, त्या दिवशी मला स्वतःची थोडी लाज वाटली होती, ते आठवतं. आता तीही वाटत नाही. आता मला फक्त आकडे चुकले तर वाईट वाटतं.

पण तो हात. बाबांची बोट लहान होती, किनारा दिसत राहील इतपतच लांब जाणारी, आणि सुट्टी असली की दादाला आणि मला ते बरोबर नेत. जाळ्यात बोटाएवढी पिल्लं यायची, ती परत सोडायची असत, कुणी सांगितलं होतं म्हणून नाही, सोडायची असत म्हणून. मी पहिल्यांदा एक पिल्लू घेऊन भिरकावलं, तर बाबांनी माझं मनगट धरलं. "तो काय दगड आहे फेकायला? तोंडाकडून सोड. तोंडावर पाणी आलं की त्याला आपलं घर कळतं." मग त्यांनी दाखवलं. अंगठा कल्ल्याखाली, मनगट आतून बाहेर, आणि मासा हातातून निघायच्या आधीच पोहायला लागलेला. दादाला एका दिवसात जमलं. मला कधीच नाही. माझा हात लहान, मासा निसटायचा आणि मी रडकुंडीला यायचे. मग दादाच माझा मासा फिरवून द्यायचा आणि म्हणायचा, "घे बुटके, आता नुसता सोड." मी उंचीनं राहिले ती राहिलेच, बुटकी हे नावही राहिलं. बाबांचं ते मनगट बाबांबरोबर गेलं असं मी धरून चालले होते. माणूस जातो तेव्हा त्याच्या किती बारीकसारीक गोष्टी गेल्या असं आपण धरून चालतो, त्याची यादी कोणी करत नाही.

मी चित्र मागे नेलं आणि साध्या वेगानं पाहिलं. बाकीचे तिघं लांब दांड्याच्या फावड्यानं मासे लोटत होते, एखादा कडेला अडकला तर बुटानं ढकलत होते. तेही नियमात बसतं, मोजता आलं म्हणजे झालं. हा एकटाच वाकून एकेक उचलत होता, फिरवत होता, सोडत होता. मेलेला मासा. पोट तोंडाबाहेर आलेला, डोळे बाहेर आलेला मासा तो तोंडाकडून पाण्यात सोडत होता, आणि खाली पक्षी वाट बघत होते. मी मोजत होते, कारण हाताला तेच माहीत आहे. त्याच्यासमोर बेचाळीस मासे होते. एकेचाळीस त्यानं सोडले. बेचाळिसावा फिरवला, डोकं पाण्याकडे केलं आणि थांबला. मग बुटाचा पट्टा आवळायचा आहे असं दाखवत खाली वाकला आणि कठड्याआड गेला. उभा राहिला तेव्हा हात रिकामे होते आणि डाव्या पायावर तो जरा जपून चालत होता.

बुटाचा पट्टा आवळणारी माणसं मी अकरा वर्षांत पुष्कळ पाहिली आहेत. प्रत्येकाबद्दल लिहिलं आहे. लिहिलं की बोटीचा परवाना तीस दिवस बंद होतो, आठ माणसं घरी बसतात, आणि ज्याचा बूट होता त्याला पुन्हा कुठल्याही बोटीवर घेत नाहीत. हे मला माहीत होतं, पण जसं दुसऱ्या गावचं तापमान माहीत असतं तसं. आता पडद्यावर दादा डावा पाय जपत चालत होता, आणि बुटातला तो मासा मी खाल्ला होता. तो नाही तर त्याच्या आधीचा. दर पंधरवड्याला रविवारी दुपारी मी बंदरामागच्या त्या दोन खोल्यांत जाते, दादा-वहिनीकडे, आईला बघायला. गेल्या वर्षीच्या आजारापासून आईला गिळता येत नाही. म्हणजे येतं, पण ती गिळत नाही. वहिनी लापशी करते, कंद कुस्करून देते, दुधात काहीबाही कालवते. आई तोंडात धरून ठेवते आणि आपण पाठ फिरवली की रुमालात काढते. फक्त काळ्या पाठीचा मासा, नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडलेला, ती खाते. काटा नाही, जिभेवर विरतो. वाढलं तेवढं संपवते, अगदी डोकंसुद्धा. त्या एका माशावर आणि उरलेल्या रश्श्यावर आठवडाभर तिच्या अंगात धुगधुगी राहते. डॉक्टर म्हणाले होते, "काय खातायत ते द्या. काय ते विचारू नका." आम्ही कोणी कोणाला विचारलं नाही. बाजारात तो मासा महिनोन्महिने नसतो, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार? तरी वहिनी माझ्याही ताटात एक तुकडा वाढायची आणि मी खायचे. "कुठून आणला?" हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नाहीत. मूग गिळून बसणं म्हणतात, मी मासा गिळून बसले होते.

आणि आई खाताना दर वेळी तेच म्हणायची. "माझ्या लेकाला एका माशासाठी किती खोल जावं लागत असेल. समुद्र आटला रे आता." दादा मान खाली घालून भिंतीशी बसलेला असायचा. मला वाटायचं, दमलाय.

दर वर्षी मी एक फॉर्म भरते, त्यात एक प्रश्न आहे: जवळच्या नात्यातलं कोणी बोटीवर कामाला आहे का? पहिल्यांदा भरला तेव्हा दादा बर्फाच्या कारखान्यात होता, त्यामुळे 'नाही' लिहिलं ते खरंच होतं. तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि त्रेपन्नाव्या वर्षी दादा पुन्हा बोटीवर गेला. मी 'नाही' लिहीत राहिले. मुद्दाम असं नाही. तो कुठल्या बोटीवर आहे ते विचारायचं मी टाळलं, एवढंच. आमच्याकडे फायलींवर बोटीचं नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि नंबराला भाऊ नसतो. घरच्यांना मी सांगितलं होतं की मी मासे मोजते. आईला वाटलं समुद्रातले. "बाप पकडायचा, भाऊ पकडतो, तू मोजतेस," ती म्हणाली होती, तेव्हा तिला हसता येत होतं, "खायचं कोणी मग?" तेव्हापासून घरात ती थट्टाच झाली. गेले की दादा विचारायचा, "काय बुटके, मोजून झाला का समुद्र?" आणि मी म्हणायचे, "थोडा राहिलाय."

त्या दिवशी मी रकान्यात त्याच्या ढिगाचे पूर्ण बेचाळीस लिहिले. बेचाळीस टाकले. एकाचा तर फरक. बोटांना काहीच वाटलं नाही, नेहमीच्याच चटपट आवाजात बटणं दाबली गेली. फाईल बंद केली, डबा उघडला, आणि अकरा वर्षांनी पुन्हा मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी मोठे साहेब खोलीत आले. ते येतात तेव्हा कोणीतरी खिडकीचा पडदा जरा सरकवतं, त्यांना अंधार आवडत नाही. म्हणाले, कुठल्या तरी बोटीवरून मासा बाहेर जातोय अशी कुजबुज आहे, तेव्हा एक तारखेपासून प्रत्येक फाईल दोघांनी बघायची, एकमेकांना न विचारता, आणि आकडे जुळले नाहीत तर चौकशी. "डोळ्यात तेल घालून बघा," साहेब म्हणाले. माझ्या फायली चष्म्याकडे आल्या. चष्मा वाईट माणूस नाही. कोणाचा वाढदिवस असला की तोच आठवण ठेवतो, माझ्या आईची चौकशी करतो, तिला कसला तरी काढा द्या म्हणून चिठ्ठीवर लिहून देतो. पण पडद्यासमोर बसला की तो आपल्या सख्ख्या आईचासुद्धा मासा लिहून काढील. मला त्याचा राग आला. मग वाटलं, परवापर्यंत मी तरी दुसरं काय होते?

एक तारखेला चार दिवस होते. रविवारी गेले तेव्हा आई झोपली होती आणि दादा मागच्या चिंचोळ्या गॅलरीत बूट धूत बसला होता, उंच रबरी बूट, आतून बाहेर उलटवलेले. साबणाचा वास होता आणि त्याच्या खाली तो दुसरा. मी दारातच उभी राहिले. तिथे दोघांना बसायला जागा नाही.

"दादा, आता मासा आणू नकोस."

"कुठला?"

"बुटातला."

त्याचा ब्रश थांबला नाही. "तुझी वहिनी बोलली वाटतं."

"ती कशाला बोलेल? मी बघितलं."

"कुठून बघितलंस?"

मी वेड्यासारखं वर बोट दाखवलं, छताकडे. "कॅमेऱ्यातून. माझं कामच ते आहे. समुद्रातले नाही मोजत मी. तुम्ही टाकता ते मोजते."

तो आधी हसला. खरोखर हसला. "अगं, तू बसतेस होय तिकडे? आम्ही म्हणायचो, कोणीतरी म्हातारा बसवला असेल, पेंगत असेल तिथे." मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. "म्हणजे सगळंच बघतेस तू."

"हो."

"टाकताना?"

"हो."

नळ चालू होता, तो त्यानं बंद केला. "तोंडं दिसतात आमची?"

"नाही. कोणाचंच तोंड दिसत नाही."

"मग मीच कशावरून?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. चालीवरून म्हणायचं, कोटावरून म्हणायचं, काहीही म्हणायचं. मी इतकी पटाईत खोटारडी, आणि नेमकं तिथे मला खरं बोलावंसं वाटलं. इतके दिवस ते सांगायला माझ्याकडे कोणीच नव्हतं. "तू मासा फिरवतोस," मी म्हटलं, "बाबांसारखा. तिथे बाकी कोणी फिरवत नाही. आठपट वेगात ओळखलं मी तुला." मला वाटलं, मी त्याला काहीतरी देते आहे.

दादानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, फेसानं भरलेल्या. त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली गेली की व्हायचे तसे. मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

"काय सांगायचंय तिला? एका माशाचं काय एवढं..."

"ते नाही गं." तो पुन्हा बूट घासायला लागला. "टाकतो ते."

मग मी त्याला साहेबांचं सांगितलं, दोन नजरांचं सांगितलं. तो 'बरं' म्हणाला. वहिनी ओट्याशी पाठ करून उभी होती. जाताना तिनं माझ्या हातात नेहमीसारखा डबा दिला नाही. "वन्सं," ती म्हणाली, "आता त्यांना काय घालू मी?" मी चपला घालत राहिले. पट्टा लागत नव्हता.

पुढच्या महिन्यात ती फाईल आली. तीच बोट. कडेला बांधलेली पिवळी बादली आणि कठड्याचा उडालेला रंग मला आता पाठ झाला होता. चष्म्यानं ती सकाळीच बघून आपला आकडा बंद पाकिटात ठेवला होता. मी वेग लावलाच नाही. साध्या वेगानं बघितलं, मग अर्ध्या. चार नारिंगी कोट, चार फावडी. मासे ढिगानं येत होते आणि चौघं ते लोटत होते. कोणी वाकलं नाही. कोणी एकेक उचलला नाही. कडेला अडकलेल्या माशांना बुटानं ढकलत होते, मासे कसेही पडत होते, शेपटीकडून, पोटाकडून, एकमेकांवर. मी हातांकडे बघत राहिले. निळे मोजे, निळे मोजे, निळे मोजे. एकाचा खांदा दादासारखा वाटला, मग दुसऱ्याचा वाटला. एकजण जरा थांबला तेव्हा मी पडद्याकडे वाकले, पण तो नुसताच नाक पुसत होता. तीन तास पन्नास मिनिटं मी माझ्या भावाला शोधत होते. चौघांत एक तो होता आणि मला तो सापडला नाही. त्याला नुसती पकडलं जाण्याची भीती असती तर त्यानं फक्त बुटात मासा घालणं सोडलं असतं. फिरवायला काही बंदी नव्हती. फिरवणं त्यानं माझ्यामुळे सोडलं. बाबांनी दिलेली, इतक्या वर्षांत बर्फाच्या कारखान्यातही न गोठलेली ती एक गोष्ट, मी कौतुक म्हणून बोट ठेवलं आणि ती गेली.

चष्म्यानं पाकीट उघडलं. "तीनशे सोळा. तुझे?"

"तीनशे सोळा."

"वा! एक इकडे नाही की तिकडे नाही," तो म्हणाला आणि समाधानानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला.

मी त्या रविवारी गेले. आई उशीला टेकून बसली होती. महिन्याभरात ती इतकी लहान झाली होती की उशीच मोठी वाटत होती. मनगटातली बांगडी कोपराजवळ जाऊन थांबली होती. वहिनीनं काहीतरी पांढरं, मऊ कालवून आणलं होतं आणि चमचा ओठांशी धरला होता. आईनं वाटीत डोकावून पाहिलं.

"मासा नाही?"

दादा भिंतीशी होता. "नाही मिळाला गं आई," तो म्हणाला. "राहिलाच नाही आता समुद्रात."

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे. तिचे डोळे अजून चांगले आहेत, आजारानं तेवढे सोडले. "तू मोजतेस ना गं?" ती म्हणाली. "खरं सांग. किती उरलेत?"

खोली लहान आहे, कोणाकडे बघायचं नाही असं तिथे करता येत नाही. दादा जमिनीकडे बघत होता आणि त्याचे दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"एकही नाही, आई," मी म्हटलं.

"एकही नाही?"

"एकही नाही."

तिनं ते ऐकून घेतलं. मग हात लांब करून दादाच्या गुडघ्यावर ठेवला, थोपटलं. "जाऊ दे रे," ती म्हणाली, "तू तरी काय करणार?" आणि वहिनीनं पुन्हा पुढे केलेल्या चमच्यासमोर तिनं ओठ मिटून घेतले.